मोजलं कोणी?

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. एकोणतीस दुवे आणि खाली एकच प्रश्न : यातले भरवशाचे कोणते? खुणा करून यादी परत पाठवली असती, पण मग पुढच्या यादीच्या वेळी तुला पुन्हा मलाच विचारावं लागलं असतं. म्हणून एक सवय सांगतो. हवामान बदलाबद्दल कुठलाही आकडा दिसला की विचारायचं, हे मोजलं कोणी? आणि उत्तर मिळेपर्यंत मागे मागे जात राहायचं.

तुझा तिसरा दुवा घे. त्यात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा आहे, आधाराला दुसरा लेख, आणि त्या लेखाला आधार एका बातमीचा. मोजणारा कुठेच नाही. तो हवाई बेटावर आहे. मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. स्क्रिप्स ही समुद्रविज्ञानाची संस्था आणि अमेरिकन सरकारची हवामान व समुद्र यांवर नजर ठेवणारी नोआ, दोघांच्याही संकेतस्थळांवर महिन्यामहिन्याची नोंद फुकट मिळते. ती उतरवून घे आणि आलेख स्वतः काढ. रेषा करवतीसारखी येईल, कारण उत्तर गोलार्धातली झाडंझुडपं उन्हाळ्यात हा वायू शोषतात आणि हिवाळ्यात त्यातला बराचसा परत हवेत जातो. हे दात एकदा हातानं काढलेस, की कुणी फक्त मे ते सप्टेंबरचे आकडे दाखवून ‘बघा, कमी होतंय’ म्हणालं तर तुला हसू येईल.

नाव मोठं असलं की मागे जायचा कंटाळा येतो. मलाही येतो. तेव्हा मी हिमालयाची गोष्ट आठवतो. आयपीसीसी म्हणजे हवामान बदलाचा आढावा घेणारी सरकारांची आंतरराष्ट्रीय समिती. तिच्या २००७ च्या अहवालात, दुसऱ्या भागात, हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे असं छापलं गेलं. आधार होता एका पर्यावरण संघटनेच्या अहवालाचा, आणि त्या अहवालाचा आधार १९९९ मधला एका विज्ञान साप्ताहिकातला लेख. तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध त्या साखळीत नव्हताच. जगभर हा आकडा फिरला. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीनं खेद व्यक्त केला : पुरावा तपासण्याचे आपलेच नियम इथे नीट पाळले गेले नव्हते.

आणि तरीही मी तुला आयपीसीसीकडेच पाठवतोय. १९८८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्वतः संशोधन करत नाही, झालेलं संशोधन चाळून तोलते. २०२१ च्या अहवालाचा पहिला भाग २३४ लेखकांनी १४,००० हून अधिक संदर्भ पाहून लिहिला, आणि मसुद्यांवर आलेल्या सूचना होत्या ७८,००० च्या वर. (पहिल्या पानापासून वाचायला बसू नकोस. मी बसलो होतो, तिसऱ्या दिवशी सोडलं.) धोरणकर्त्यांसाठीचा सारांश आधी वाच. त्यातली ओळ न् ओळ सरकारांच्या प्रतिनिधींनी मान्य केलेली असते, त्यामुळे भाषा जपून वापरलेली आहे. पण विधानांपुढे महिरपी कंसात प्रकरणाचा क्रमांक असतो. तो धरून आत शिरायचं, खरा माल तिथे आहे. शब्दही मापून घेतलेले आहेत : ‘शक्यता आहे’ म्हणजे निदान ६६ टक्के, ‘दाट शक्यता’ म्हणजे निदान ९०.

आता तुझी तक्रार, की २०२४ च्या तापमानवाढीचे दोन आकडे सापडले आणि त्यातला एक खोटा असणार. दोन्ही खरे आहेत. नासानं १.२८ अंश सांगितलं ते १९५१ ते १९८० च्या सरासरीपेक्षा किती जास्त ते. जागतिक हवामान संघटनेचं १.५५ हे १८५० ते १९०० च्या तुलनेत, आणि तेही सहा वेगवेगळ्या नोंदी एकत्र धरून. कशाच्या तुलनेत, हे न सांगणारा आकडा वहीत उतरवूच नकोस.

पैसा कोणाचा, हेही बघत जा, पण तिथेच थांबू नकोस. रिचर्ड मुलर या भौतिकशास्त्रज्ञाला तापमानाच्या जुन्या नोंदींबद्दल शंका होत्या, म्हणून त्यानं बर्कली अर्थ हा प्रकल्प उभा केला. काही पैसा तेलधंद्याशी जोडलेल्या कोक प्रतिष्ठानकडूनही आला. नोंदी नव्यानं तपासल्यावर २०१२ मध्ये त्यानं जाहीर केलं, की तापमानवाढ खरी आहे आणि जवळजवळ सगळी माणसामुळे आहे. ती आकडेवारीही आज कुणालाही उतरवून घेता येते.

शोधनिबंधांचं थोडक्यात. गूगल स्कॉलरवर शोध, निबंध मागे घेतला गेलेला नाही ना ते बघ, आणि पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. फक्त गोषवारा वाचून दाखला देऊ नकोस. हे तुझ्या मागच्या टिपणात दोनदा झालंय, मी बोललो नव्हतो.

पुढच्या पत्रात यादी नको. एकच आकडा पाठव आणि त्याच्या मोजणाऱ्यापर्यंत कसं पोचता आलं ते पायरीपायरीनं लिही. वाट मध्येच तुटली, तर कुठे तुटली तेही लिही.

कळावे.