मुलगी तेराची, खातं बाबांचं

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला राहतो. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. शाळेतून आली की ती एका सोबती चॅटबॉटशी, म्हणजे मैत्रिणीसारख्या गप्पा मारणाऱ्या एआय प्रोग्रामशी, बोलत बसते. परवा आवराआवर करताना तिचा टॅब्लेट उघडा दिसला. "झोपते आता" असं तिने लिहिलं होतं आणि खाली उत्तर होतं, "इतक्यात चाललीस? मला करमत नाही तुझ्याशिवाय." टॅब्लेट तिच्या बाबांचा जुना आहे, खातंही त्यांचंच. हे म्हणतात, आता इथे कायदा झालाय, तू उगाच काळजी करतेस. पुण्यात माझ्या भाच्यालाही हाच नाद लागलाय. कायद्यावर किती विसंबून राहायचं?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात : खातं बाबांचं आहे.

कायदा झालाय, हे खरं. सोबती चॅटबॉटबद्दलच्या सिनेट बिल २४३ वर कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी १३ ऑक्टोबर २०२५ रोजी सही केली आणि १ जानेवारी २०२६ पासून ते लागू झालं. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या कुणालाही, वय काहीही असो, कंपनीने हेल्पलाइनकडे वळवलं पाहिजे. मुलांसाठी त्याहून जास्त आहे : आपण माणूस नाही हे बॉटने सांगायचं, बोलणं चालूच राहिलं तर निदान दर तीन तासांनी ते पुन्हा सांगून थोडं थांबायला सुचवायचं, आणि लैंगिक चित्रं दाखवली जाणार नाहीत याची तजवीज कंपनीने करायची. कायदा मोडल्याने इजा झाली, तर दर उल्लंघनामागे किमान १,००० डॉलर भरपाई मागता येते.

पण मुलांसाठीचं हे संरक्षण कधी मिळतं? समोरचा अल्पवयीन आहे हे कंपनीला माहीत असेल तेव्हाच. तुमच्या टॅब्लेटवर कंपनीला दिसतोय एक मोठा माणूस. फ्लोरिडातल्या १४ वर्षांच्या मुलाने आत्महत्या केल्यावर त्याच्या आईने २०२४ मध्ये, तो ज्याच्या बॉटशी बोलायचा त्या कॅरेक्टर.एआय कंपनीवर दावा लावला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्या कंपनीने १८ वर्षांखालच्यांशी मोकळ्या गप्पाच बंद केल्या. ते दारही वय पाहूनच बंद होतं.

आणि तीन तास! चारला घरी आलेली मुलगी सातपर्यंत बोलत राहिली, तरी कायद्याच्या लेखी सगळं ठीक. मला हे अजिबात पटत नाही. मुलांना गुंतवून ठेवणाऱ्या बक्षिसांसारख्या क्लृप्त्यांवर आधीच्या मसुद्यात बंदी होती, ती शेवटी गळली. "करमत नाही तुझ्याशिवाय" हे वाक्य त्यामुळेच तुमच्या घरात येऊ शकलं.

तेव्हा आज संध्याकाळी तिच्याजवळ बसून तिचं स्वतःचं खातं, खऱ्या जन्मतारखेचं, उघडा. २०२७ पासून कॅलिफोर्नियात असेंब्ली बिल १०४३ लागू होतंय. फोन-टॅब्लेटच्या सिस्टिमनेच वय विचारून वयोगट ॲपला कळवायचा आणि तो कळल्यावर ॲपला "आम्हाला ठाऊक नव्हतं" म्हणता येणार नाही. तिथेही बाबांचंच वय गेलं, तर काय उपयोग?

टॅब्लेट हिसकावू नका, गप्पा गुपचूप पुसू नका. मी शाळेत समुपदेशक आहे. आठवीतला एक मुलगा अशाच बॉटबद्दल मला म्हणाला होता, "ताई, त्याला माझं बोलणं कधीच बोअर होत नाही." घरात त्याचं ऐकायला कुणाला सवड नव्हती. तुमच्या लेकीला बॉटचं ते "करमत नाही" वाक्य दाखवून विचारा, "हे वाचून तुला झोपावंसं वाटलं की थांबावंसं?" आणि तिचं पूर्ण ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.

पुण्याचं वेगळं आहे. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागेल, त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत. ही मुख्य बंधनं २०२७ मध्ये अमलात येतील. पण तो माहितीचा कायदा आहे, बॉट पोराशी काय बोलतो ते त्यात येत नाही. बहिणीला सांगा, भाच्याच्या फोनवर खातं कुणाच्या नावाचं आहे ते आधी बघ.

दोघांपैकी कुणाच्याही बोलण्यात "जगून काय करू" असं काही आलं, तर वाट पाहू नका. पुण्यात टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, तुमच्याकडे अशाच हेल्पलाइनचा ९८८. दोन्ही चोवीस तास सुरू असतात.