गोटी तेवीस सेंटिमीटर अलीकडे का पडते?

प्रश्न: अकरावीच्या प्रकल्पासाठी अ‍ॅल्युमिनिअमच्या चॅनेलचा (पन्हळीसारख्या पट्टीचा) उतार केला आणि खालचं टोक वाकवून आडवं ठेवलं. चॅनेलच्या कडांमधली फट १० मिमी, काचेची गोटी १६ मिमी व्यासाची. गोटी टोकापेक्षा ३० सेंमी वरून सोडते, टोक जमिनीपासून ८० सेंमीवर आहे. यांत्रिक ऊर्जा अक्षय्य धरली तर गोटी ९८ सेंमीवर पडायला हवी, पण दर वेळी ७५च्या आसपास पडते. ‘घर्षणात ऊर्जा गेली’ असं लिहू का?

उत्तर: लिहू नका, कारण ऊर्जा फारशी गेलेलीच नाही. ती गोटीतच आहे, तुमच्या हिशेबात धरलेली नाही इतकंच.

९८ हा आकडा बरोबर काढलाय. स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेइतकी मांडली आणि पडायला लागणारा वेळ धरला, की अंतर = २ × √(०.३० × ०.८०) = ०.९८ मीटर. यात वस्तुमानही उरत नाही आणि गुरुत्वत्वरणही. पण हे सूत्र घर्षणाशिवाय घसरत येणाऱ्या वस्तूचं आहे. तुमची गोटी घरंगळते, म्हणजे पुढे जाते आणि स्वतःभोवती फिरतेही. फिरण्याचीही गतिज ऊर्जा असते आणि तीही त्याच ३० सेंमीतून येते.

भरीव गोळा सपाट फळीवर न घसरता घरंगळला, तर फिरण्याची ऊर्जा पुढे जाण्याच्या ऊर्जेच्या २/५ असते. सात वाट्यांतले पाच पुढे जायला, दोन फिरायला. मग अंतर ९८ × √(५/७), म्हणजे ८३ सेंमी. बहुतेक जण इथेच थांबतात आणि उरलेले आठ सेंटिमीटर घर्षणाच्या नावावर टाकतात.

आता चॅनेलला डोळा लावून समोरून बघा. गोटी तळाला टेकलेलीच नाही, ती दोन कडांवर बसलीय. कडेपासून मध्यरेषा ५ मिमी, गोटीची त्रिज्या ८ मिमी. म्हणून ती ज्या त्रिज्येवर घरंगळते ती √(६४ − २५), म्हणजे जवळपास ६.२ मिमी. तेवढंच अंतर कापायला तिला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि पुढे जाण्याच्या ऊर्जेच्या तुलनेत फिरण्याचा वाटा ०.४० वरून ०.४० × ६४/३९ = ०.६६ होतो. अंतर: ९८ ÷ √१.६६ = ७६ सेंमी. तुमचं उत्तर आलंच की!

घर्षण इथे आहे, पण त्याचं काम वेगळं. कडेला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, म्हणून स्थैतिक घर्षण कार्य करत नाही. ते फक्त ऊर्जेचा एक वाटा फिरण्याकडे वळवतं. गोटी घसरली तर मात्र उष्णता होते आणि अक्षय्यता मोडते. त्यासाठी उतार २०–२५ अंशांपुढे नेऊ नका आणि चॅनेलला तेलकट हात लावू नका.

उरलेल्या एका सेंटिमीटरसाठी आधी टोक तपासा. गोटी तिथे अलगद ठेवा, ती कुठल्याच बाजूला सरकता कामा नये. टोक २ अंश खाली झुकलं तरी अंतर सव्वा सेंटिमीटरने कमी होतं. दुसरी चूक उंचीची. वर गोटीच्या माथ्यापासून आणि खाली मध्यापासून मोजलं, तर ८ मिमी जास्त धरले जातात आणि अपेक्षित अंतर एक सेंटिमीटरने फुगतं. दोन्हीकडे गोटीचा मध्यच धरा. जमिनीवर पांढऱ्या कागदावर कार्बन पेपर पसरा, टोकापासून ओळंबा सोडून शून्याची खूण करा, आणि गोटी बोटाने न ढकलता, तिच्यापुढे आडवी धरलेली पट्टी उचलून सोडा. दहा ठिपक्यांची सरासरी घ्या.

परीक्षकाला पटवायचं असेल तर त्याच चॅनेलवरून, तेवढ्याच उंचीवरून २५ मिमीचा पोलादी छर्रा सोडा. तो गोटीपेक्षा कितीतरी जड, पण वस्तुमानाचा इथे संबंध नाही. मोठा गोळा फटीत कमी बुडतो, म्हणून फिरण्याचा वाटा घटून ०.४८ होतो. छर्रा ८० ते ८१ सेंमीवर पडायला हवा. हा आकडा प्रयोगाआधी वहीत लिहून ठेवा. सगळ्या प्रकल्पात मोलाची गोष्ट हीच आहे.

प्रश्न: वर्गात दाखवायला १० सेंमी त्रिज्येचं उभं वर्तुळ केलं आहे. पुस्तकाप्रमाणे अडीच पट, म्हणजे २५ सेंमी उंचीवरून गोळी सोडली की ती माथ्याजवळ सुटून पडते. कुठे चुकतं?

उत्तर: अडीच पट हे घसरणाऱ्या वस्तूसाठी. माथ्यावर वेगाचा वर्ग किमान त्रिज्या × गुरुत्वत्वरण इतका हवा, ही अट तीच राहते. पण तो वेग मिळवताना गोळी फिरतेही, म्हणून सपाट पट्टीवर २.७ पट, म्हणजे २७ सेंमी लागतात. वरच्या प्रश्नासारखं चॅनेल आणि तशीच १६ मिमीची गोटी असेल तर २८.३. घर्षणासाठी थोडी सूट ठेवून ३१–३२ सेंमीवरून सोडा. गोळी वर्तुळाच्या मानाने मोठी असेल तर वर्तुळाच्या त्रिज्येऐवजी गोळीचा मध्य ज्या वर्तुळात फिरतो त्याची त्रिज्या धरा, आणि उंचीही मध्याचीच मोजा. वर्तुळाची पट्टी हलती असेल तर मात्र हा हिशेब जुळणार नाही. पट्टी दर फेरीला थरथरते आणि ऊर्जा घेऊन जाते. तिला मागून लाकडी आधार द्या.