चाकांची झाकणे: सुरुवात मागच्या चाकांपासून करा

हवेचा विरोध कमी करून इंधन वाचवण्यासाठी गाडीच्या चाकांवर बसवायची झाकणे स्वतः बनवण्याचे काम आपण हाती घेतलेत, याचा मनापासून आनंद वाटला. सुरुवातीला फक्त मागच्या दोन चाकांची झाकणे बनवा. ब्रेक लावताना बहुतेक भार पुढच्या चाकांवर येतो आणि ते ब्रेक थंड राहण्यासाठी तिथे हवा खेळती राहावी लागते. आधी पुठ्ठ्याचा साचा रिमवर धरून पाहा, मगच पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापा.

झाकणाची कड रिमपाशीच संपली पाहिजे, कारण टायर रस्त्याला टेकतो तिथे त्याची बाजू दर फेरीला फुगते आणि धारदार कड रबर कापत राहते. माझ्या पहिल्या झाकणाने टायरवर असाच बोटभर चरा पाडला होता. सर्वांत धोकादायक चूक मात्र बांधणीत होते. दोन-तीन केबल टायच्या (प्लास्टिकच्या बांधपट्ट्यांच्या) भरवशावर लावलेले झाकण वेगात सुटून मागच्या वाहनावर आदळू शकते, म्हणून किमान 6 ठिकाणी, समान अंतरावर बांधा. त्याने चाकाचा तोलही सांभाळला जातो. व्हॉल्व्हसाठी भोक ठेवा. पहिल्या 10 किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक बांधणी हाताने ओढून पाहा.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे शहरातल्या संथ रहदारीत फरक जाणवणार नाही. मोकळ्या रस्त्यावर इंधनाच्या अनेक टाक्यांची नोंद ठेवलीत, तरच थोडीशी बचत दिसू लागेल.