लहान मुलासाठी पहिला युकुलेले

युकुलेले म्हणजे गिटारसारखे चार तारांचे छोटे वाद्य. आपली मुलगी सहा वर्षांची असेल, तर सुमारे 21 इंचांचा सोप्रानो हा लहान आकार तिच्या हाताला पुरे. त्याहून मोठा, 23 इंचांचा कॉन्सर्ट दोन-तीन वर्षांनी घेता येईल. माझ्या भाचीसाठी मी प्रथम खेळण्यांच्या दुकानातून एक चित्रविचित्र रंगवलेला युकुलेले आणला होता. त्याच्या खुंट्या इतक्या सैल होत्या की एक गाणे संपेपर्यंत चारही तारा उतरत, आणि पोरीला वाटे की आपलेच काहीतरी चुकते आहे. म्हणून रंगरूपापेक्षा दातेरी चक्राच्या खुंट्या आहेत ना, हे आधी पाहावे.

दुकानात प्रत्येक तार मोकळी छेडावी आणि मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून वाजवावी (मानेच्या पट्टीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या काड्या म्हणजे पडदे). तोच सूर वरच्या सप्तकात नेमका मिळाला नाही, तर वाद्य कितीही स्वस्त असले तरी परत ठेवावे, कारण असे वाद्य कितीही लावले तरी बेसूरच बोलते. पहिल्या पडद्यावर तार दाबायला आपल्यालाच जोर लागत असेल, तर तिची बोटे दुखणारच. पट्टीच्या कडेवरून तळहात फिरवून पडद्यांची टोके टोचत नाहीत ना, हेही तपासावे.

नायलॉनच्या नव्या तारा काही दिवस ताणत राहतात, तो दोष नव्हे. सूर जुळवायला वाद्याला चिमट्याने लावायचा ट्यूनर अवश्य घ्यावा आणि वाद्य उन्हातल्या गाडीत ठेवू नये, घोडीचा, म्हणजे तारा जिथे बांधतात त्या लाकडी पट्टीचा, डिंक सुटतो.