नडगीचे दुखणे आणि ‘नॉर्मल’ एक्स-रे

आपली मुलगी 3000 मीटर धावते, महिनाभर तिची डावी नडगी आतल्या बाजूने दुखते आहे, आठव्या दिवशी काढलेल्या एक्स-रेत काही निघाले नाही आणि स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे, तर तिने धावावे का, असे आपण विचारले आहे. असाच एक्स-रे पिशवीत घेऊन मी नाशिकच्याच ट्रॅकवर उभी राहिले होते, म्हणून लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. निर्णय हाडांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. बर्फ, विश्रांती, बूट याबद्दल आपणांस ठाऊक असणारच.

माझी चूक अशी की, अहवालातील ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ मी ‘हाड शाबूत आहे’ असा घेतला. वारंवार आघात झाले की हाड आधी आतून थोडे झिजते आणि मग नव्याने भरते; ते भरण्याआधीच भार वाढला तर सूक्ष्म चीर पडते, आणि ती पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. एमआरआयमध्ये मात्र हाडाच्या आतली सूज लवकर कळते. तो खर्च मी वाचवला, शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेतली आणि पाचव्या फेरीत पाय टेकवेना. सहा-आठ आठवड्यांत भरून येऊ शकले असते अशा दुखण्याने माझे साडेसात महिने नेले.

तेव्हा आमच्या क्रीडा विभागाने ‘कागदावर फ्रॅक्चर नाही’ म्हणून माघारीचा अर्ज घेतला नव्हता. पाय मोडल्यावर त्याच टेबलावरून ‘मग धावलात कशाला?’ अशी विचारणा झाली. तो राग अजून गेलेला नाही, पण गोळी मीच गिळली होती.

कारणही माझेच होते. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचे कांस्यपदक मिळवल्यानंतर आम्हा मुलींना किलोमीटर वाढवण्याची भारी घाई झाली होती. गोल्फ क्लबची माती सोडून मी गंगापूर रोडच्या डांबरावर महिन्याभरात अंतर दुप्पट केले. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडाला मात्र महिने लागतात. दम टिकतो म्हणजे पायही टिकेल, असे मी धरून चालले.

दुखणे वीतभर पसरलेले आहे की एका बोटाखाली नेमके सापडते, हे आज पाहा. बोटाखाली सापडत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर माझ्या मते एमआरआय होईपर्यंत एकही फेरी नको. नडगीच्या पुढच्या कडेवरचे दुखणे अधिक चिवट असते, आणि जांघेत दुखू लागले तर त्याच दिवशी धावणे थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक, जे विचारायला घरात संकोच होतो: तिची पाळी नियमित येते का? आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये खेळाडूंच्या अपुऱ्या खाण्याच्या परिणामांना स्वतंत्र नाव दिले, आणि पाळी चुकणे व हाडे कमकुवत होणे ही दोन्ही त्यात येतात. नवरात्राचे नऊ उपवास करून सराव चालू ठेवणारी मीही होते; श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण त्या दिवसांत किलोमीटर तरी कमी करावेत. ड जीवनसत्त्वाचीही तपासणी करून घ्या.

दम टिकवायचा असेल तर डॉक्टरांच्या संमतीने तरण तलावात, खोल पाण्यात तरंगता पट्टा बांधून धावता येते. कंटाळवाणे असते, पण नडगीवर आघात होत नाही. आणि माघारीचा अर्ज द्यावा लागलाच, तर त्याला एमआरआयचा अहवाल जोडून पोच घ्या.