‘शिवसैनिक’ म्हणजे शिवसेनेचा सदस्य का?

प्रश्न असा आला आहे: “माझा भाचा स्वतःला शिवसैनिक म्हणवतो, पण त्याच्याकडे सदस्यत्वाची पावतीसुद्धा नाही. मग हा शब्द तो बरोबर वापरतो का? आणि काँग्रेसच्या माणसाला ‘काँग्रेससैनिक’ का म्हणत नाहीत?”

भाचा बरोबर आहे. सदस्य आणि सैनिक या दोन शब्दांची जातच वेगळी. सदस्य नोंदणीनं होता येतं. भाजपच्या 2014च्या मोहिमेत तर नुसता मिस्ड कॉल दिला तरी चालत होतं. उलट, ‘मी अमुक पक्षाचा प्राथमिक सदस्य आहे’ अशी कुणी स्वतःची ओळख करून दिलेली मी तरी लग्नकार्यात किंवा एसटीत ऐकलेली नाही. हे वाक्य निवडणूक अर्जात शोभतं.

बोलताना आपण चार-पाच प्रत्ययांवर भागवतो, आणि कोण कोणता वापरतो त्यावरून बरंच कळतं. ‘-वादी’ विचाराला चिकटतो: समाजवादी, मार्क्सवादी, आंबेडकरवादी. पक्षाचे तुकडे झाले तरी समाजवादी माणूस समाजवादीच राहतो. (अपवाद ‘राष्ट्रवादी’. ‘तो राष्ट्रवादीत गेला’ म्हटल्यावर महाराष्ट्रात कुणालाही राष्ट्रवाद आठवत नाही, घड्याळ आठवतं.) ‘-वाला’ बहुतेक वेळा दुसऱ्यानं लावलेला असतो: काँग्रेसवाला, शेकापवाला (शेतकरी कामगार पक्षाचा). ‘आम्ही काँग्रेसवाले’ असं लोक स्वतःही म्हणतात, पण त्यात भाजीवाला-दूधवाल्यातला सैलपणा असतो. पक्ष आहे, पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यासाठी छातीवर बिल्ला लावायची गरज नाही. ‘काँग्रेससैनिक’ मराठीत रुजला नाही याचं एक कारण हा सैलपणा असावा. दुसरं साधं कारण म्हणजे पक्षाच्या नावात ‘सेना’ नाही.

‘सैनिक’ मात्र शिवसेनेनं आणलेला नाही. डॉ. आंबेडकरांचं समता सैनिक दल कितीतरी आधीचं, ‘भीमसैनिक’ त्याच घरातला. 1941च्या राष्ट्र सेवा दलाची मंडळीही स्वतःला सेवादल सैनिक म्हणवत आली आहेत. 1966 साली शिवसेना निघाली आणि तिनं हा शब्द गल्लीत आणला. लालबाग-परळच्या चाळीत शाखा म्हणजे नळाची तक्रार, शाळेचा प्रवेश, दवाखान्यातली खाट, रात्री रुग्णवाहिका. बेकार पोराला संध्याकाळी जाऊन उभं राहायला एक फळा आणि एक बाकडं मिळालं, भेटल्यावर म्हणायला ‘जय महाराष्ट्र’ मिळालं. तिथं जो उभा राहिला तो शिवसैनिक. पावतीचा प्रश्नच कुठे आला? पुढे 2006 साली मनसे स्थापन झाली तेव्हा त्यांनी ‘महाराष्ट्र सैनिक’ घेतला. लोकांनी आणि बातमीदारांनी त्याचा ‘मनसैनिक’ केला, आणि त्यात ‘मन’ आयतंच सापडलं.

पण माझ्या मते खरी गंमत ‘-चा’मध्ये आहे. ‘तो संघाचा’, ‘ते घराणं शेकापचं’. व्याकरणात ही षष्ठी. संबंध किंवा मालकी दाखवणारी. इथे मालक कोण हे बघा: पक्ष माणसाचा नाही, माणूस पक्षाचा. गावात अनोळखी पोराला ‘कुणाचा रं तू?’ असं विचारतात तेव्हा उत्तरात बापाचं नाव अपेक्षित असतं. सोसायटीच्या निवडणुकीत तोच प्रश्न, त्याच शब्दांत, गट विचारायला चालतो. जुन्या पक्षात परतणाऱ्याबद्दल वर्तमानपत्रं ‘स्वगृही परतले’ असं छापतात, तेही याच घरातून आलं. एखाद्या पक्षाला नुसतं मत देणाऱ्या माणसाला मात्र मराठीत स्वतंत्र नाव नाही. ‘भाजपचा मतदार’ असं दोन शब्दांत सांगावं लागतं, आणि तसं सांगणारा थोडा उपराच वाटतो.

पक्ष फुटले तेव्हा या प्रत्ययांची परीक्षा झाली. जून 2022नंतर दोन्ही बाजूंचे लोक शिवसैनिकच राहिले. निवडणूक आयोगानं फेब्रुवारी 2023 मध्ये नाव आणि धनुष्यबाण एका गटाला दिले, ‘शिवसैनिक’ कुणालाच देता आला नाही. त्याआधी आयोगापुढे पाठिंबा दाखवायला कार्यकर्त्यांची प्रतिज्ञापत्रं गठ्ठ्यांनी गोळा झाली होती. निष्ठा कागदावर लिहून द्यायची वेळ आली. राष्ट्रवादीत 2023च्या फुटीनंतर वेगळंच झालं: तिथे सैनिक नव्हता, फक्त ‘-चा’ होता, त्यामुळे तो पक्षावरून उतरून थेट माणसावर बसला. ‘तू दादांचा (अजित पवारांचा) की साहेबांचा (शरद पवारांचा)?’ एवढं विचारलं की पुरायचं. पक्षाचं नाव घ्यावंच लागत नसे.

काही लोक या सगळ्याला ‘अंधभक्ती’ म्हणून निकालात काढतात. मला ते आळशीपणाचं वाटतं. ज्याला शहरात कुणी ‘कुणाचा रे तू?’ असं विचारलंही नाही, त्याला शाखेनं ते विचारलं, आणि उत्तरही देऊन टाकलं. त्या उत्तराची किंमत पुढे कुणी कशी वसूल केली, हा वेगळा आणि कडू विषय आहे.

लेखनापुरतं: ‘शिवसैनिक’, ‘भीमसैनिक’, ‘मनसैनिक’ जोडून लिहावेत, ‘महाराष्ट्र सैनिक’ तोडून लिहिलेला जास्त दिसतो. ‘काँग्रेसी’ हिंदीच्या वाटेनं येतं. मराठीत ‘काँग्रेसवाला’ किंवा जरा आदरानं ‘काँग्रेसजन’ लिहावं. आणि भाच्याबद्दल लिहायची वेळ आली तर ‘शिवसैनिक’ बिनधास्त लिहा, फक्त ‘सदस्य’ लिहिण्याआधी पावती मागा.