दोराची घाई करू नको

बाळा,

इथे हवाईत, वायमेआला गुरांच्या रांचवर काम मिळालं वाचून भारी वाटलं, आणि खाली लगेच दोर कसा फेकायचा म्हणून तीन प्रश्न! अरे थांब जरा. सुरुवातीचे कित्येक महिने तुझ्या हातात दोर कमी आणि कुंपणाची तार जास्त असणारे. पोस्ट ठोकायचे, पाण्याच्या टाक्या बघत फिरायचं, आणि फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. मी नवीन असताना शहाणपणा करून एक उघडं फाटक लावून घेतलं, गुरांना पाण्यावर जायला नेमकी तेवढीच वाट होती. सकाळी बघतो तर सगळी गुरं फाटकाला नाक लावून हंबरतायत. फोरमन एक शब्द बोलला नाही, नुसतं बघितलं माझ्याकडे, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुला टेक्सासवाला काउबॉय म्हणणारे भेटतील, पण इथले पानिओलो, म्हणजे हवाईचे काउबॉय, टेक्सासच्या त्या मोठमोठ्या कळपांच्या आधीचे. 1793 ला व्हँकुव्हर नावाच्या इंग्रज कप्तानाने इथल्या राजा कामेहामेहाला गुरं दिली, राजाने मारायला बंदी घातली, मग ती रानात वाढून माजली आणि लोकांची शेतं तुडवायला लागली. शेवटी 1830 च्या दशकात मेक्सिकन वाकेरो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी, बोलावले, त्यांनी इथल्या पोरांना घोडा आणि दोर शिकवला. 'एस्पान्योल', म्हणजे स्पॅनिश, म्हणता म्हणता पानिओलो झालं म्हणतात. वायमेआतली पार्कर रांच 1847 ची. आणि इकुआ पर्डी या पानिओलोचं नाव लक्षात ठेव, 1908 ला वायोमिंगमधल्या शायेनला उसन्या घोड्यावर बसून त्याने 56 सेकंदात बैल पाडून बांधला आणि तिथल्यांना हरवून आला.

पूर्वी कावाइहाए बंदरात गुरं घोड्यावरून समुद्रात घालायचे, पोहत नेऊन होडीच्या कडेला बांधायचे आणि मग पोटाखाली पट्टा घालून बोटीवर उचलायचे. आता बरीचशी वासरं दूध तुटलं की कंटेनरमधून मेनलँडला, म्हणजे मुख्य अमेरिकेत, जातात, कारण दाणा बाहेरून आणून इथे पोसणं परवडत नाही. त्यामुळे आपला माल म्हणजे खरं तर गवत. गवत बघायला शीक, कुठलं कुरण कधी मोकळं सोडायचं ते. वायमेआत एका बाजूला रिपरिप पाऊस आणि थोडं पुढे गेलं की सगळं वाळलेलं, आणि चरलं नाही तर तेच वाळलेलं गवत पेटतं.

बरं, दोर. म्हातारे लोक कच्च्या कातड्याचा विणलेला वापरायचे, कौला इली, चरबी चोळून मऊ ठेवायचे. तू नायलॉनचाच घे. खुंटावर फेक, कुत्र्यावर नको. आणि खोगिराच्या हॉर्नला, म्हणजे पुढच्या खुंटीला, दोराचा वेढा घेताना अंगठा वर, कायम वर, दोर आणि हॉर्नच्या मध्ये सापडला की गेला समज, मी चार बोटांनी लगाम धरणारे लोक पाहिलेत.

वासरांना डाग द्यायच्या दिवशी शेजारपाजारचे सगळे मदतीला येतात, तेव्हा म्हणशील मलाही दोर द्या. देणार नाहीत. मागचे पाय धरून बस, धूर नाकात जातो, शर्टाची वाट लागते. टोपीवर फुलांची माळ घातलेला म्हातारा दिसला तर हसू नको, त्याच्या शेजारी उभा राहा.

आणि येताना चांगला रेनकोट आण. बूट इथेच घेऊ.

तुझा,
काका